व्हिसांचा क्रम प्रवासाच्या क्रमासारखा नसतो

एका देशाची सहल असेल तर आधी तिकिटं, मग व्हिसा असं केलं तरी निभावतं. तीन-चार देश एका दौऱ्यात आले की मार्ग तुम्ही नाही, व्हिसा ठरवतो. पासपोर्ट एकच असतो आणि पासपोर्टवर चिकटवायच्या स्टिकरचा व्हिसा देणारी वकिलात सहसा निर्णय होईपर्यंत तो ठेवून घेते. तेवढे दिवस दुसऱ्या वकिलातीचं दार बंद.

म्हणून यादीतल्या प्रत्येक देशासमोर आधी एवढंच लिहा: व्हिसा लागत नाही, पोहोचल्यावर मिळतो, ई-व्हिसा आहे की स्टिकर आहे. ई-व्हिसाला पासपोर्टची फक्त स्कॅन प्रत लागते, त्यामुळे तो स्टिकरवाल्या अर्जांच्या मधल्या काळात उरकता येतो. मात्र ई-व्हिसा पासपोर्टच्या क्रमांकाला बांधलेला असतो. मध्येच पासपोर्टचं नूतनीकरण केलं तर क्रमांक बदलतो आणि हातातले ई-व्हिसा बाद होतात. मुदत काठावर असेल तर नवा पासपोर्ट सगळ्यात आधी काढा. अनेक देश प्रवेशाच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत मागतात. शेंगेनचा, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम वेगळा आहे: पासपोर्ट मागच्या १० वर्षांत दिलेला हवा, परतीच्या तारखेनंतर ३ महिने चालणारा हवा आणि २ पानं कोरी हवीत.

आता मुख्य गोष्ट, तारखा. व्हिसावर दोन वेगळी घड्याळं चालतात: व्हिसा कधीपासून कधीपर्यंत वापरता येईल, आणि आत किती दिवस राहता येईल. एका सहलीसाठीच्या शेंगेन स्टिकरवर सहसा १५ दिवसांची सवलत धरून लांब मुदत छापलेली असते, पण मुक्कामाचे दिवस त्याहून कमी असतात. मुदत बघून मुक्काम वाढवणारे नेमके इथे सापडतात. चीनच्या व्हिसावर ‘या तारखेआधी प्रवेश करा’ असं असतं आणि मुक्कामाचे दिवस प्रवेशानंतर मोजले जातात. व्हिएतनामच्या ई-व्हिसावर सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरलेले. चार दिवस उशिरा पोहोचलात तर ते चार दिवस गेले.

याशिवाय तिसरं घड्याळ अर्जाचं. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. ब्रिटनचा ३ महिन्यांच्या आत. चीनचा एका प्रवेशाचा व्हिसा सहसा दिल्या तारखेपासून ३ महिन्यांतच वापरावा लागतो. समजा १ सप्टेंबरला निघायचं आहे: आधी ब्रिटन, मग फ्रान्स आणि इटली, आणि १ ऑक्टोबरला चीन. शेंगेनचा अर्ज मार्च-एप्रिलमध्येच टाका, कारण निर्णयाला १५ दिवस धरले असले तरी ते ४५ पर्यंत जाऊ शकतात, आणि अपॉइंटमेंटची रांग त्याआधीची. ब्रिटनचा १ जूननंतर. तिथे साधारण ३ आठवडे लागतात. चीनचा जुलैच्या मध्यानंतर. तोच उत्साहाने मेमध्ये काढून ठेवलात तर तिथे पोहोचण्याआधीच तो मेलेला असेल. ज्या व्हिसाचं आयुष्य दिल्या तारखेपासून मोजलं जातं आणि कमी असतं, तो शेवटी काढायचा.

काही व्हिसा दुसऱ्या व्हिसावर उभे असतात. तुर्कमेनिस्तानच्या ट्रान्झिट व्हिसासाठी (देश फक्त ओलांडून पुढे जाण्याचा व्हिसा) पुढच्या देशात शिरण्याची सोय आधी दाखवावी लागते. तुर्कस्तानचा ई-व्हिसा काही नागरिकांना शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असेल तरच मिळतो. अशी साखळी असेल तर ज्याच्यावर दुसरा उभा आहे, तो व्हिसा पहिला.

शेंगेनमध्ये २९ देश एका व्हिसावर होतात, पण अर्ज कुठल्या देशाकडे करायचा हे तुमच्या मर्जीवर नाही. जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथून प्रथम शिरणार त्याच्याकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे जाऊन कागदावर रात्री फुगवणं हा लोकप्रिय मूर्खपणा आहे. हॉटेलची बुकिंगं तपासली जातात.

दिवस मोजताना कोणत्याही १८० दिवसांत ९० असा हिशेब आहे. कॅलेंडरची सहामाही नव्हे. प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस पाहायचे. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरले जातात. जुन्या सल्ल्यांपासून सावध राहा: क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, बल्गेरिया आणि रोमानिया जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे. दिवस वाचवायला तिथे जाऊन बसण्याची युक्ती संपली. सायप्रस युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये आलेला नाही, आणि आयर्लंड तर शेंगेनच्या बाहेरच आहे.

एकापेक्षा जास्त प्रवेशांचा मुद्दा मार्ग आखतानाच बघा. पॅरिस, लंडन, मग रोम म्हणजे शेंगेनमध्ये दोनदा शिरणं. सिंगल एंट्रीवर, म्हणजे एकाच प्रवेशाच्या व्हिसावर, रोमचं विमान मिळणार नाही. क्रोएशियात स्प्लिटहून दुब्रोवनिकला किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याने गेलात तर न्यूमपाशी बोस्निया लागतो, म्हणजे बाहेर पडून परत आत. जुलै २०२२ मध्ये पेल्येशाचचा पूल उघडल्यापासून तो तुकडा टाळता येतो. गाडी पुलावरून जाणार की न्यूमवरून, हे बसचं तिकीट काढताना विचारा.

काही ठिकाणी मात्र खरोखर सोय आहे. केनिया, युगांडा आणि रवांडासाठी ९० दिवसांचा एकच पूर्व आफ्रिका व्हिसा मिळतो. अर्ज प्रथम शिरणार त्या देशाकडे. तिघांत कितीही ये-जा करा, पण मध्ये टांझानियाला गेलात की तो संपला. व्हिक्टोरिया धबधब्याकडे जाणाऱ्यांना काझा व्हिसा आहे: झांबिया आणि झिम्बाब्वे मिळून ३० दिवस, शिवाय दिवसभरासाठी बोट्स्वाना. या पट्ट्यात पिवळ्या तापाच्या लशीचा दाखलाही मागतात. तो लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून आजन्म चालतो.

ट्रान्झिटला लोक धरतच नाहीत. वेगवेगळी तिकिटं घेतली की बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेश. बाहेरून येऊन फ्रँकफर्टला विमान बदलून म्युनिक आणि तिथून पुढे शेंगेनबाहेर, असं असेल तर दोन शेंगेन विमानतळांमधला प्रवास आला. विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा इथे पुरत नाही. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायलाही इमिग्रेशनमधून जावं लागतं.

कागदांमध्ये सगळ्यात कामाचा म्हणजे एक तक्ता: तारीख, शहर, रात्रीचा मुक्काम, पुढचं वाहन. सगळ्या वकिलातींना हाच द्या. एका अर्जात १२ तारखेला रोम आणि दुसऱ्यात लंडन असेल तर दोन्ही संशयास्पद. पैसे परत मिळणारी बुकिंगं करा. बँकेत अर्जाच्या आठवड्यात मोठी रक्कम एकदम आली असेल तर तिचा कागद जोडा. नुसती शिल्लक बघत नाहीत, पैसा कुठून आला तेही बघतात. शेंगेनसाठी विमा किमान ३०,००० युरोचा आणि सर्व शेंगेन देशांत चालणारा हवा. फोटो शेंगेनला ३५ × ४५ मिमी, अमेरिकेला २ × २ इंच. एकच पाकीट सगळीकडे चालत नाही. शेंगेनसाठी बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिले असतील तर बहुतेक वेळा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

ई-व्हिसात दोन खड्डे आहेत. पहिला, शोधात वर येणाऱ्या सरकारी भासणाऱ्या साइट. त्या दुप्पट-तिप्पट घेतात आणि चुका स्वतः घालतात. दुसरा, प्रवेशाची ठाणी. लाओस आणि व्हिएतनामचा ई-व्हिसा यादीतल्याच ठाण्यांवर चालतो, आणि रस्त्याने जाणारे हमखास यादीबाहेरचं ठाणं निवडतात. नाव आणि क्रमांक पासपोर्टच्या तळाशी असलेल्या दोन ओळींवरून उतरवा. शून्य आणि ओ अक्षराची अदलाबदल चेक-इन काउंटरवरच पकडली जाते, कारण विमान कंपनी टिमॅटिक या प्रवेश-नियमांच्या डेटाबेसमध्ये नियम बघते आणि चुकीच्या प्रवाशाला परत आणण्याचा भुर्दंड तिच्यावर पडतो.

नकार मिळाला तर पुढच्या अर्जात तो लपवू नका. शेंगेनच्या नोंदी ५ वर्षे राहतात, आणि लपवलेला नकार मूळ नकारापेक्षा महागात पडतो.

पासपोर्ट परत आला की खिडकीसमोरच स्टिकर वाचा: नावाचं स्पेलिंग, क्रमांक, दोन्ही तारखा, दिवस, प्रवेशांची संख्या. चूक असेल तर तिथून हलू नका.