बँकॉक : विमानतळ ते राजवाडा, फसवणूक टाळून

पहिला सापळा निघायच्या आधीच, इंटरनेटवर लागतो. 1 मे 2025 पासून थायलंडला जाताना डिजिटल आगमनपत्र, म्हणजे टीडीएसी, ऑनलाइन भरावे लागते. ते मोफत आहे आणि पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे. शोधात वर येणारी, फी मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत. खऱ्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओ डॉट टीएच' असते.

सुवर्णभूमी विमानतळावर "टॅक्सी हवी का?" म्हणत कोणी जवळ आले तर न थांबता खाली पहिल्या मजल्यावर जावे. तिथल्या यंत्रातून चिठ्ठी घ्यायची. तिच्यावर छापलेल्या क्रमांकाच्या लेनमधली गाडी आपली. मीटर 35 बाथपासून (बाथ म्हणजे थाई चलन) सुरू होते, मोठ्या गाडीत 40 पासून. विमानतळाचे 50 बाथ आणि एक्स्प्रेसवेचा टोल वेगळा द्यावा लागतो, त्यावरून वाद घालू नये. चालक मीटर न टाकता ठोक रक्कम सांगू लागला तर मात्र गाडी हलायच्या आधीच उतरावे. चिठ्ठी प्रवास संपेपर्यंत आपल्याकडेच ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. सामान कमी असेल तर एअरपोर्ट रेल लिंकने मक्कासन, तिथून पादचारी पुलाने फेत्चाबुरी मेट्रो स्टेशन आणि पुढे ब्लू लाइनने थेट सनाम चाय. राजवाड्यासाठी, म्हणजे ग्रँड पॅलेससाठी, हेच स्टेशन.

खरी काळजी इथून पुढे घ्यायची. राजवाड्याची भिंत लांबच लांब आहे आणि तिच्यातली बरीच दारे बंद असतात. अशाच एखाद्या बंद दारापाशी नीटनेटक्या कपड्यांतला माणूस सांगतो, "आज पूजा आहे, दुपारी उघडेल." मग तो नकाशावर दोन-तीन देवळांवर खुणा करतो आणि 20-40 बाथमध्ये सगळीकडे फिरवणारी टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, थांबवून देतो. देवळात भेटलेला दुसरा कोणी 'सहज' बोलता बोलता सांगतो, की रत्नांच्या सरकारी विक्रीचा आज शेवटचा दिवस आहे. ही माणसे एकमेकांना अनोळखी वाटतात, म्हणूनच विश्वास बसतो. दुकानातला नीलम खराही असू शकतो, पण हलक्या प्रतीचा आणि किमतीच्या कितीतरी पट महाग. मायदेशी विकून नफा होईल, ही निव्वळ थाप.

त्यामुळे कोणाचेही न ऐकता उत्तरेकडच्या ना फ्रा लान रस्त्यावरच्या मुख्य दरवाजापर्यंत चालत जावे. तिकीट 500 बाथ, खिडकी सकाळी 8.30 ते दुपारी 3.30. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. राजघराण्याच्या समारंभासाठी राजवाडा कधी कधी खरोखर बंद असतो, पण तेही दरवाजावरच विचारावे.

एटीएममधून पैसे काढताना पडद्यावर तुमच्या चलनात रूपांतर करू का, असे विचारतात. तिथे नकारच द्यायचा, नाहीतर दर वाईट लागतो.

रत्ने घेऊन झालीच असतील तर पावती घेऊन, देश सोडण्याआधी, पर्यटक पोलिसांना 1155 वर गाठा. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेलाही त्याच दिवशी कळवा.