ओव्हर कोण म्हणणार

एप्रिलमधली दुपार, ती पण सोलापूरची, म्हणजे पुढं काही सांगायलाच नको. कूलर चालू, पडदे ओढलेले आणि भाचा हॉलमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन वर्क फ्रॉम होम करतोय, कंपनी पुण्याची, पगार पुण्याचा, जेवण मामीच्या हातचं, चांगलं चाललंय त्याचं. मधेच म्हणाला, "मामा, सर्व्हर मेला वाटतं." बघितलं तर ती टर्मिनलची काळी खिडकी, आज्ञा टाईप करायची, अक्षरं पळता पळता थांबलेली, एंटर मारला, एस्केप मारला, ढिम्म हलेना.

"काय दाबलंस बे?"

"काही नाही ओ मामा, सवयीनं सेव्ह केलं. कंट्रोल एस."

मी हात लांब करून कंट्रोल क्यू दाबलं आणि अडकलेलं सगळं भसाभसा वर सरकून गेलं. पोरानं माझ्याकडं पहिल्यांदाच जरा आदरानं बघितलं. मग मी त्याला समजावून सांगायला घेतलं तर दोन वाक्यांतच त्यानं कानाला हेडफोन लावला. आता तुम्ही ऐका.

ही भानगड टेलिटाईपच्या, म्हणजे तारेवरून टाईप होणाऱ्या मशीनच्या जमान्यातली. १९६३ ला मॉडेल ३३ म्हणून एक धूड आलं, टाईपरायटरसारखं खडखडणारं, सेकंदाला १० अक्षरं, बाजूला भोकं पाडलेल्या कागदी पट्टीचा रीडर. पलीकडच्या कॉम्प्युटरला झेपेना की तो डीसी-थ्री नावाचा कंट्रोल कोड पाठवायचा, रीडर थांबायचा. डीसी-वन पाठवला की परत सुरू. आस्की कोडमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या तक्त्यात, डीसी-वन १७ नंबरला आणि डीसी-थ्री १९ ला. आणि एबीसीडीत १७ वं अक्षर क्यू, १९ वं एस. कंट्रोल धरून अक्षर दाबलं की त्याच नंबरचा कोड जातो, कंट्रोल क्यू, कंट्रोल एस इथूनच आले. एस म्हणजे स्टॉप असं छातीठोक सांगणारे लय भेटलेत मला, तो निव्वळ योगायोग आहे, तसं असेल तर मग क्यू कशाचा ते सांगा की.

गंमत म्हणजे १९६३ च्या पहिल्या आस्की तक्त्यात कंसात स्टॉप असं लिहिलंय ते डीसी-फोरपुढं, डीसी-थ्रीपुढं नाहीच. थांबायचं काम जगभर करतोय डीसी-थ्री आणि पाटी लागलीय शेजाऱ्याच्या दारावर. पुढं ईसीएमए-४८ म्हणून अशा कंट्रोल कोडचं स्टँडर्ड आलं, १९७६ ला पहिलं आणि १९९१ ला पाचवी आवृत्ती, त्यात डीसी-थ्रीबद्दल काय लिहिलंय तर, हे मुख्यतः जोडलेलं दुय्यम उपकरण बंद करायला किंवा थांबवायला आहे, हे थांबणं तात्पुरतं पण असू शकतं, मग डीसी-वननं पूर्ववत होतं, आणि या कामाला लागत नसेल तर दुसऱ्या कुठल्याही उपकरणाच्या कंट्रोलला वापरा. म्हणजे टाळं लावायला वापरा, नाहीतर बल्ब लावायला वापरा, तुमची मर्जी. माणूस कीबोर्डपुढं बसून स्क्रीन थांबवेल, हे त्यात धड कुठं येतच नाही.

हे सगळं आठवताना मला काय दिसत होतं माहितीये, सोलापूरच्या पूर्व भागातलं आमच्या जुन्या घराजवळचं अंगण. चारी बाजूला चादरीचे माग, दिवसभर खटखट खटखट, भिंतीला जकार्डची, म्हणजे चादरीची नक्षी ठरवणारी, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं दोऱ्यात ओवून टांगलेली, त्याला हात लावला की मालक तेलुगूत शिव्या घालायचा, आणि शिव्या तेवढ्या आम्हाला सगळ्यांना कळायच्या. तिथं आम्ही स्टॅच्यू खेळायचो, स्टॅच्यू म्हटलं की आहे तसा पुतळा व्हायचं, ओव्हर म्हटलं की सुटायचं. मराठी, तेलुगू, कानडी सगळी पोरं, पण स्टॅच्यू आणि ओव्हर हे दोन शब्द सगळ्यांचे तेच.

एकदा मागवाल्यांच्या पोरानं मला स्टॅच्यू केलं, एक पाय वर, हातात शेंगांची पुडी. आणि केलं ते केलं, हा पठ्ठ्या जेवायला घरी निघून गेला. बाकीची पोरं म्हणाली ओव्हर ओव्हर, सुटलास बे, कुणी पण म्हटलं तरी चालतं. मी नाही हललो. माझं म्हणणं, ज्यानं स्टॅच्यू म्हटलं त्यानंच ओव्हर म्हणायचं, नाहीतर त्याला काय अर्थ आहे. त्यावरनं तिथंच दोन पार्ट्या पडल्या, मी पुतळा होऊन वाद घालतोय, म्हणजे बोलायला परवानगी आहे का हा आणखी वेगळा वाद. एकानं तर विचारलं, दोघांनी स्टॅच्यू म्हटलं तर ओव्हर दोनदा लागणार का? शेंगा तेवढ्या वेळात कुणीतरी खाल्ल्या. तो भाकरी खाऊन हात पुसत आला आणि मला बघून म्हणाला, "तू अजून हितंच?" हे ओव्हर धरायचं का? मी नाही धरलं. शेवटी आईनं हाक मारली तेव्हा सुटलो, आईच्या हाकेपुढं कसला नियम.

पुढं कॉलेजच्या लॅबमध्ये टर्मिनल्सवर बसायला लागलो तेव्हा कळलं की या वादात मोठमोठी माणसं पडलेली आहेत. युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्या घराण्यातल्या लिनक्स, मॅकमध्ये आयएक्सएनी नावाचा एक खटकाच आहे, तो चालू असला की थांबलेला स्क्रीन कुठल्याही बटणानं सुटतो, बंद असला की फक्त कंट्रोल क्यूनं. लिनक्सवर मुळात बंद, मॅकवर मुळात चालू. एकाच बोटानं तेच बटण दाबा, हितं सुटतं, तिथं सुटत नाही. दोनदा कंट्रोल एस दाबलं तर मात्र एकाच क्यूनं भागतं, मोजणी कुणी ठेवत नाही, आमच्या त्या पोराला सांगायला पाहिजे. आणि लिनक्समध्ये कंट्रोल सी दाबलं तरी थांबलेलं सुटतं. आईची हाक.

आता तुम्ही म्हणाल, सुटू दे की कशानं पण, काय बिघडतं. बिघडतं ओ. डेक कंपनीचं व्हीटी-१०० टर्मिनल, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायचा स्क्रीन आणि कीबोर्ड, आलं १९७८ ला, त्यात नो स्क्रोल नावाचं बटणच होतं, एकदा दाबलं की थांबव, परत दाबलं की सोड. ते ठीक. पण तेच टर्मिनल स्वतःचं पोट भरलं की आपणहून पण एक्सऑफ, म्हणजे तोच डीसी-थ्री, पाठवायचं, स्मूथ स्क्रोल, म्हणजे ओळी सावकाश सरकवणं, लावला असेल तर जास्तच, आणि थोडं रिकामं झालं की एक्सऑन, म्हणजे डीसी-वन. पलीकडच्या कॉम्प्युटरला कसं कळावं की हा एक्सऑफ माणसाचा की मशीनचा? दोन्ही अगदी तेच अक्षर, १९ नंबर. मशीन म्हणतंय थांब, मला झेपत नाही, आणि तेवढ्यात माणसानं सहज स्पेसबार मारला, आयएक्सएनी चालू असेल तर कॉम्प्युटर परत बदाबदा ओतायला लागतो आणि अक्षरं गळतात. ज्यानं थांबवलं त्याला कुणी विचारलंच नाही. मी अंगणात हेच तर सांगत होतो, फक्त एका पायावर उभं राहून.

इमॅक्स नावाचा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्यांचं दुःख वेगळंच. त्यांच्यात कंट्रोल एस म्हणजे शोधा आणि कंट्रोल एक्स, कंट्रोल एस म्हणजे सेव्ह. अशा टर्मिनलवर बसले की शोधायला गेले आणि गोठले. शेवटी त्यांनी एक कमांडच ठेवली, एनेबल फ्लो कंट्रोल, मग एसच्या जागी कंट्रोल उलटा स्लॅश आणि क्यूच्या जागी कंट्रोल छोटी टोपी. लक्षात कुणाच्या राहतं देव जाणे. माझ्या ओळखीतले बहुतेक जण सरळ एसटीटीवाय मायनस आयएक्सऑन ही थांबवायची सोयच बंद करणारी आज्ञा लिहून मोकळे होतात, म्हणजे मला स्टॅच्यू म्हणायचंच नाही. हे मला पटत नाही. खेळायचं तर नियमानं खेळा.

१९९२ च्या ऑक्टोबरमध्ये आरएफसी १३७२ हा इंटरनेटच्या नियमांचा कागद आला, टेलनेटवरून दूरच्या मशीनशी बोलताना हे थांबा-सुरू कसं करायचं त्याचा. त्यात सरळ दोन आज्ञा लिहिल्यात, एक रिस्टार्ट एनी आणि एक रिस्टार्ट एक्सऑन. कुठली बरोबर ते ठरवायच्या भानगडीत नाही पडले, सर्व्हरनं सांगायचं आज कुठल्या नियमानं खेळतोय. सुरुवातीलाच सांगितलं की झालं. आमच्या अंगणात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, नाहीतर निदान शेंगा तरी वाचल्या असत्या.

माझ्या मशीनवर आयएक्सएनी बंद आहे आणि बंदच राहणार. हल्ली टर्मिनल म्हणजे नुसती खिडकी, पोट भरायचा प्रश्नच नाही, त्यामुळं याला आता तसं काही कारण उरलेलं नाही हे मला माहितीये. असू दे. नळाला पाणी आलं वाटतं, मोटर लावतो.