बिनहाताचा बाक

आई बाकावर बसली आणि तिला उठताच येईना. सगळं इथूनच सुरू झालं.

बाक तसा नवा होता हं, मोडकातोडका वगैरे नाही, मस्त सिमेंटचा, गुळगुळीत, फोटोत छान दिसेल असा. पण पाठ टेकायला काही नाही, हात नाहीत आणि बुटका इतका की बसताना शेवटचं वीतभर अंतर ती पडलीच म्हणायची. उठताना दोन्ही तळवे बाकावर टेकून जोर लावून बघितला, मग एक हात माझ्या खांद्यावर, मी ओढायला गेले तर "अगं थांब, ओढू नकोस, खांदा निखळेल माझा", शेवटी शेजारून पळणारा एक मुलगा थांबला, त्याने दुसरी बाजू धरली तेव्हा कुठे उभी राहिली. चारपाच लोक बघत होते. घरी येईपर्यंत बाई एक शब्द बोलली नाही आणि चपला काढता काढता म्हणाली, "उद्यापासून तू एकटीच जात जा बागेत."

दुसऱ्या दिवशी मी शिवणकामाची टेप घेऊन गेले. बाक ३६ सेंटीमीटर उंच. घरी येऊन आई जिच्यावरून आरामात उठते ती खुर्ची मोजली, ४५. म्हणजे फरक फक्त ९ सेंटीमीटरचा! पण बसल्यावर गुडघे कमरेच्या वर गेले की उठताना सगळं वजन मांड्यांनी उचलावं लागतं, आणि गुडघे गेलेल्या माणसाला नेमकं तेच जमत नाही. अशा वेळी बाकाला हात असले तर हाताने रेटून उठता येतं. म्हणजे ते हात नुसते ऐटीत कोपर टेकून बसायला नसतात. हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं कारण मी टुणकन उठते.

मग मी तावातावाने अर्ज लिहिला. विषय: बागेची दुरवस्था. दीड पान, त्यात ज्येष्ठ नागरिक काय, लहान मुलं काय, करदाते काय, सगळे आले. महिन्याभराने उत्तर आलं, एका ओळीचं, "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल". खूप राग आला पण नंतर माझाच अर्ज परत वाचला आणि वाटलं, यात कार्यवाही करण्यासारखं आहे काय? कुठला बाक, कुठे, काय करायचं त्याचं, काहीच नाही. समोरच्या माणसाला कामावर कुणाला तरी पाठवायचं तर तो त्याला सांगणार काय, जा आणि दुरवस्था दूर कर?

तेव्हा ठरवलं की आधी नीट बघायचं. आणि एकदा बघायला लागलं ना की बाग वेगळीच दिसते. रोज ज्या फाटकातून मी आत जाते तिथे टू-व्हीलर घुसू नयेत म्हणून नागमोडी पाइप लावलेत, मी अंग चोरून सहज जाते, पण मधली जागा भरली ५५ सेंटीमीटर, साधी व्हीलचेअरच ६५-७० सेंटीमीटर रुंद असते. बाबागाडीसुद्धा दोघांनी उचलून पलीकडे द्यावी लागते. संध्याकाळी फाटकाबाहेर व्हीलचेअरवर एक काका बसलेले असायचे, मला वाटायचं त्यांना बाहेरची वर्दळ बघायला आवडतं. विचारलं तर म्हणाले, "आत कोण सोडतंय?"

त्यांनी मला बरंच शिकवलं. मागच्या फाटकाला दोन पायऱ्या आहेत आणि शेजारी रॅम्पही आहे, मी कौतुकाने म्हटलं तिथून या की, तर म्हणाले हा रॅम्प नाही, घसरगुंडी आहे. हिशोब सोपा आहे, एकास बारा, म्हणजे १ सेंटीमीटर चढायला निदान १२ सेंटीमीटर लांबी. दोन पायऱ्या मिळून ३० सेंटीमीटर, म्हणजे रॅम्प ३ मीटर ६० हवा. तो होता १ मीटर २०. एकास चार! त्यावर स्वतःच्या हाताने चाक फिरवत चढणं अशक्यच आणि मागून ढकलणारा असला तरी उतरताना खुर्ची त्यालाच ओढत नेईल. रॅम्प आहे असं कागदावर लिहायला मात्र तो पुरतो.

नागमोडी पाइपांचं कोडं जरा अवघड आहे, हे मान्य करायला हवं. व्हीलचेअर जाईल अशी ९० सेंटीमीटरची मोकळी वाट ठेवली तर तिथून स्कूटरही जाते, दोघांतला फरक पाइपाला कळत नाही. तिथे माणूस लागतो, किंवा शेजारी रुंद दार आणि त्यावर कुणाचं तरी लक्ष. पण मूठभर स्कूटरवाल्यांना अडवायचं म्हणून काकांना कायमचं बाहेर ठेवायचं हा काही तोडगा नाही बुवा.

आतल्या वाटेवर मोठ्या झाडापाशी फरश्या उचकटल्यात, दोन बोटं वर आलेली एक कड आहे, अंधारात हमखास ठेच लागते. बरोबर फिरणाऱ्या एकांचं म्हणणं मुळं तोडून टाका. मुळीच नाही! जाड मुळं तोडली की झाडाचा आधारच जातो, मग एखाद्या वादळात ते आडवं होणार. तिथे वाट जरा बाजूने वळवायची किंवा मुळांवरून हलका चढ देऊन न्यायची. आणि पाणी जायच्या चरावरची जाळी, तिच्या फटी चालण्याच्या दिशेनेच आहेत, त्यात काठीचं टोक आणि व्हीलचेअरचं पुढचं बारकं चाक बरोब्बर अडकतं. जाळी फिरवून आडवी टाकली आणि फटी बारीक ठेवल्या, सव्वा सेंटीमीटरच्या आत, की काम झालं.

दुसऱ्या वेळी एक नाही, दोन अर्ज केले. ही युक्ती एका निवृत्त ओव्हरसियरकाकांची. म्हणाले, दुरुस्ती आणि नवीन काम एका कागदावर लिहू नकोस, दुरुस्ती रोजच्या देखभालीच्या पैशातून होते पण नव्या कामाला बजेटमध्ये तरतूद लागते, दोन्ही एकत्र दिलं की मोठ्यासाठी छोटंही अडकून पडतं. म्हणून पहिल्यात फक्त उचकटलेल्या फरश्या, जाळी, बंद पडलेले तीन दिवे आणि एक डुगडुगणारा बाक, प्रत्येकाचा फोटो, फोटोत टेप दिसेल असा, आणि जागा कुठली ते बागेच्या हाताने काढलेल्या नकाशावर नंबर टाकून. विशेषणं सगळी काढून टाकली, अर्धं पान उरलं.

दुसऱ्यात रॅम्प, फाटक आणि बाक. बाकांचं अगदी सविस्तर लिहिलं, उंची ४५ ते ४८, पाठ हवी, हात हवेत आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत यायला हवेत, मागेच संपले तर रेटायला उपयोग नाही. दोन बाकांत ५० मीटरपेक्षा जास्त अंतर नको, कारण पुढे बसायला मिळणार ही खात्री असेल तरच आईसारखी माणसं चालायला निघतात. आणि बाकाशेजारी व्हीलचेअर उभी राहील एवढी पक्की जमीन सोडा, नाहीतर बरोबरचे सगळे बाकावर आणि काका वाटेच्या मधोमध, येणाऱ्याजाणाऱ्याला सॉरी म्हणत. शेवटी एक ओळ संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराची टाकली, त्यातल्या ३० व्या कलमात करमणुकीच्या, खेळाच्या जागाही येतात. खाली एकेचाळीस सह्या. काकांची पहिली.

पोच घेतली, नंबर लिहून ठेवला आणि दर पंधरा दिवसांनी त्याच नंबरवर, न भांडता, काय झालं विचारत राहिले. न भांडणं हे सगळ्यात अवघड होतं.

जाळी आठवड्यात फिरली. दिवे लागले, त्यातला एक परत गेलाय. फरश्या बसवल्या पण मुळांपाशी नुसतं सिमेंट फासून ठेवलंय, ते उखडणार हे त्यांनाही माहितीये. रॅम्प पुढच्या बजेटमध्ये घेतो असं लेखी आलंय, फाटकाबद्दल अवाक्षर नाही, काका अजून बाहेरच. बाक नवे नाही मिळाले पण एक दिवस वेल्डिंगवाला आला आणि जुन्या लोखंडी बाकांपैकी दोघांना पाइपाचे हात लावून गेला, त्या बाकांची उंची मुळातच बरी आहे.

आईला घेऊन गेले. बसली, दोन्ही हात पाइपांवर ठेवले, उठली, परत बसली, परत उठली, तीनदा, नळ चालू होतो का बघावं तसं.

परवा मात्र तणतणत आली. म्हटलं काय झालं, तर म्हणे त्या दोन बाकांवर हल्ली जागाच मिळत नाही, सगळे तिथेच येऊन बसतात, धडधाकट पोरंसुद्धा, आणि तुझे ते सिमेंटचे सुंदर बाक ओस पडलेत.

"लिही परत," म्हणाली. "आणि या वेळी फोटोत मलाही घे."