ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला एक दिवस

गेल्या जुलैत मेलबर्नला मुलीकडे असताना आम्ही उभयतांनी ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी असलेल्या ॲलिस स्प्रिंग्जला चार दिवस काढले आणि त्यांतला एक दिवस गावाच्या पश्चिमेकडील मॅकडॉनल डोंगररांगेतल्या सहलीसाठी राखून ठेवला. सकाळी सात वाजता मिनीबस दारात आली तेव्हा उभ्या गाड्यांच्या काचांवर दव गोठले होते. वाळवंट म्हणजे उकाडा, ही समजूत तिथल्या हिवाळ्यात पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघते.

पहिला थांबा जॉन फ्लिन यांच्या समाधीचा होता. दूरदूरच्या वस्त्यांपर्यंत विमानाने डॉक्टर पोहोचवणारी सेवा १९२८ मध्ये सुरू झाली ती या पाद्र्याच्या खटपटीमुळे. १९५१ मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्या समाधीसाठी कित्येक मैल उत्तरेकडील कार्लू कार्लू येथून एक प्रचंड गोल शिळा आणली गेली. तिथल्या मूळ रहिवाशांसाठी ती शिळा पवित्र होती, पण त्यांना कुणी विचारले नव्हते. आपल्याकडे गावच्या वेशीवरचा तांदळा उचलून एखाद्या सज्जन माणसाच्या समाधीवर नेऊन बसवावा, तसाच हा प्रकार. अनेक वर्षांच्या मागणीनंतर १९९९ मध्ये ती शिळा परत गेली आणि तिच्या जागी स्थानिक अरेर्न्टे लोकांनी आपल्या भूमीतली दुसरी शिळा दिली. फ्लिन यांच्याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच, तक्रार होती ती न विचारता नेलेल्या दगडाबद्दल.

सिम्पसन्स गॅपच्या खिंडीत खडकांवर उन्हाला बसलेली दोन छोटी वॉलबी (कांगारूची लहान भावंडे) दिसली. एलरी क्रीकच्या डोहात पाय घातला आणि लगेच काढला. ऑकर पिट्स मात्र मनात राहिले. ओढ्याकाठच्या दरडीत गेरूचे तांबडे, पिवडीचे पिवळे आणि पांढरे असे मातीचे उभे पट्टे आहेत, आणि अंगावर रेखाटन करण्यासाठी अरेर्न्टे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या इथूनच रंग नेत आले आहेत. पाहुण्यांना मात्र चिमूटभरही नेण्याची मुभा नाही. माझ्या बोटाला लागलेला गेरू मी ओढ्याच्या वाळूत पुसला. त्याची गरज नव्हती, पण समाधीवरची गोष्ट अजून ताजी होती.

स्टँडली चॅझमला बरोबर मध्यान्ही पोहोचवण्याबद्दल आमचा गाइड फार काटेकोर होता. आपल्या सह्याद्रीतल्या सांधण दरीत उतरलेल्यांना या घळीची कल्पना सहज येईल. तळाशी रुंदी जेमतेम तीन मीटर आणि दोन्ही बाजूंना सुमारे ऐंशी मीटर उंचीचे कडे, फरक इतकाच की सांधणचा दगड काळा आणि हा तांबडा. क्वार्टझाइट या कठीण खडकाच्या डोंगरात एके काळी डोलेराइटची, म्हणजे लाव्हारसापासून बनलेल्या खडकाची, उभी भिंत घुसली होती. ती भोवतालच्या खडकापेक्षा लवकर झिजली आणि तिच्या जागी ही पोकळी उरली. भर दुपारी उत्तरेकडे असलेला सूर्य (तिथे तो दक्षिणायनाचा विचार करीत नाही!) या फटीत थेट उतरतो आणि थोडा वेळ दोन्ही कडे निखाऱ्यासारखे पेटतात. घळीचे इंग्रजी नाव गावातल्या पहिल्या शिक्षिका आयडा स्टँडली यांच्यावरून पडले. अरेर्न्टे नाव अंगकेर्ले अटवाट्ये, आणि जागेची व्यवस्था आजही त्याच लोकांकडे आहे.

शेवटी हर्मन्सबर्ग. जर्मन लुथरन पाद्र्यांनी १८७७ मध्ये फिंक नदीकाठी वसवलेली ही मिशन वसाहत म्हणजे चुन्याने रंगवलेल्या बैठ्या इमारती, मधोमध चर्च आणि भोवती खजुरीची झाडे. १९२० च्या दशकातल्या दुष्काळात इथे पुष्कळ मुले दगावली. त्यानंतर मेलबर्नमधल्या चित्रकारांनी प्रदर्शन भरवून पैसे जमवले, तेव्हा १९३५ मध्ये झऱ्याचे पाणी नळाने वसाहतीत आले. चित्रांनी पाणी आणलेल्या या गावात १९०२ मध्ये जन्मलेला अरेर्न्टे चित्रकार अल्बर्ट नामाटजिरा पुढे त्याच डोंगरांची जलरंगातली चित्रे काढून देशभर गाजला. १९३८ मध्ये मेलबर्नला भरलेल्या त्याच्या पहिल्या प्रदर्शनातली सगळी चित्रे विकली गेली. सकाळपासून पाहिलेली पांढऱ्या खोडांची घोस्ट गम झाडे आणि जांभळट कडे त्याच्या चित्रांत पाहताना, त्याने रंग भडक केले असावेत ही माझी जुनी शंका फिटली. दुपारचे डोंगर खरोखरच तसे दिसतात.

त्याची पुढची कथा क्लेशदायक आहे. १९५७ मध्ये त्याला पूर्ण नागरिकत्व मिळाले, पण त्याच्या आप्तांना नव्हते. नागरिकत्व नसलेल्या मूळ रहिवाशांना दारू देणे तेव्हा गुन्हा होता. आप्तांना ती दिल्याबद्दल दुसऱ्याच वर्षी त्याला शिक्षा झाली आणि १९५९ मध्ये तो वारला. वसाहतीची जमीन १९८२ मध्ये अरेर्न्टे लोकांकडे परत आली. चित्रांचे हक्क मात्र परक्या हातांतून सुटून कुटुंबासाठी स्थापन झालेल्या न्यासाकडे यायला २०१७ साल उजाडले.

या ठिकाणाला आमच्या सहलीत जेमतेम एक तास होता, आणि त्यातला पाव तास जुन्या पाद्र्याच्या घरातल्या उपाहारगृहात सफरचंदाच्या श्ट्रूडेलची वाट पाहण्यात गेला (ते चांगले होते, हे प्रामाणिकपणे सांगतो). जाणाऱ्यांनी नोंदणी करतानाच हर्मन्सबर्गला किती वेळ आहे हे विचारावे आणि दोन तासांपेक्षा कमी असल्यास एखादा डोह खुशाल वगळायला सांगावे. जुलैत गेल्यास कानटोपी न्यावी.