राजाचे शुद्धलेखन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले, तेव्हा स्नेहसंमेलन आणि क्रीडामहोत्सव यांवर इतर मंडळी लिहितीलच, असे समजून मी शनिवारच्या नीतिशिक्षणाच्या तासाकडे वळलो. आमच्या सरांनी त्या तासाचे अख्खे एक वर्ष एकाच प्रश्नावर घालवले होते : देव राजा आहे, असे बायबल म्हणते तेव्हा नेमके काय म्हणते? वर्गात ख्रिस्ती मुले मोजकीच होती. आम्ही बहुतेक सोलापूरच्या पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, विणकरांची आणि गिरणी कामगारांची मुले. राजा म्हटले की आम्हाला मुकुट आणि घोडदळ दिसे, आणि सरांनी सुरुवात केली ती राजाच नको म्हणणाऱ्या माणसापासून.

बायबलमधल्या शास्ते या पुस्तकातला गिदोन हा पुढारी इस्राएली लोकांना सांगतो की मी तुमच्यावर राज्य करणार नाही, माझा मुलगाही करणार नाही, परमेश्वर करील. पुढे त्याचाच मुलगा अबीमलेख आपल्या सत्तर भावांचा काटा काढायला निघतो आणि राजा होतो. त्यातून वाचलेला धाकटा योथाम गरिज्जीम डोंगरावरून एक गोष्ट सांगतो. झाडांना राजा हवा असतो. जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल आपापले काम सोडायला तयार होत नाहीत, शेवटी काटेझुडूप तयार होते आणि म्हणते, या, माझ्या सावलीत बसा. सर थांबले आणि म्हणाले, "वैशाखात बाभळीखाली सावली शोधलेल्यांनी हात वर करा." सगळ्या वर्गाचे हात वर गेले. त्या गोष्टीचे स्पष्टीकरण त्यांनी दिले नाही, आणि सोलापुरात ते द्यावे लागत नाही.

पहिले शमुवेल या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात इस्राएलचे वडीलजन राजा मागतात, तेव्हा देव शमुवेल या संदेष्ट्याला सांगतो की त्यांनी तुला नव्हे, मला नाकारले आहे. मग राजा काय काय करील याची यादी येते : मुलगे घेईल, मुली घेईल, शेते आणि द्राक्षमळे घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. त्यातला प्रत्येक 'घेईल' आम्ही लाल पेन्सिलीने अधोरेखित केला होता.

आम्हाला सर्वांत आवडला तो मात्र बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा सतरावा अध्याय. राजाने फार घोडे, फार बायका, फार सोनेरुपे जमवू नये, इतके सांगून तो थांबत नाही. गादीवर बसल्यावर राजाने नियमशास्त्राची नक्कल काढून ती जन्मभर वाचावी, असेही सांगतो. रोज एक पान शुद्धलेखनाने गांजलेल्या आम्हा मुलांना राजालाही शुद्धलेखन चुकले नाही, याचा कोण आनंद झाला! त्याच्याही वर कोणी वही तपासणारा आहे, हे तेव्हा हसता हसता कळले. देवाच्या राजेपणाचा माझ्यापुरता अर्थ अजूनही तोच आहे.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, सर फार वेळ रमले नाहीत. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या 'तुझे राज्य येवो' यातल्या राज्याचा मूळ ग्रीक शब्द केवळ मुलूख दाखवत नाही, राज्य करणेही दाखवतो, एवढे सांगून ते थेट येशूच्या वधस्तंभावरच्या पाटीकडे आले. 'यहूद्यांचा राजा' हे शब्द रोमी सुभेदार पिलाताने इब्री, लॅटिन आणि ग्रीक या तीन भाषांत लिहिले होते, असे शुभवर्तमानकार योहान सांगतो. मराठी, कन्नड आणि तेलुगू पाट्यांखालून शाळेत येणाऱ्या आम्हाला त्यात नवल वाटले नाही. सरांनी उलट विचारले, "ज्याच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट आहे, त्याला राजा म्हणणारी पाटी थट्टेने लिहिली की खरे म्हणून?" यावर वर्गात दोन तट पडले.

त्याच वर्षी वडिलांची गिरणी बंद पडली. देव राजा आहे तर हे कसे, असे मी जरा उर्मटपणेच विचारले. सरांनी खडूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर 'स्तोत्र ८९' असे लिहून दिले. घरी जाऊन वाचले. नीतिमत्त्व आणि न्याय तुझ्या राजासनाचा पाया आहेत, असे त्यात आधी येते. मग इस्राएलचा राजा दावीद याचा मुकुट धुळीला मिळतो आणि स्तोत्रकर्ता त्याच देवराजाला विचारतो, हे परमेश्वरा, कोठवर? उत्तर आलेले नाही. स्तवनाची एक ओळ येते आणि स्तोत्र संपते. पुढच्या शनिवारी सरांनी मला काही विचारले नाही, मीही बोललो नाही. हजेरीत माझे नाव आले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिले, एवढेच.