‘पावती’ची नोटीस

गणपतीला जेमतेम तीन आठवडे होते. सकाळी साडेनऊला फोन आला. “मॅडम, नोटीस आलीय. सात दिवसांत नाव बदला म्हणतायत.”

मुलगा सांगलीचा. पुण्यात दोन मित्रांबरोबर एक ॲप चालवतो. मंडळांची, सोसायट्यांची वर्गणीची पावती त्यावर फाटते आणि देणाऱ्याच्या फोनवर जाते. नावात अर्थातच ‘पावती’. वर्षाचा सगळा धंदा याच तीन आठवड्यांत. नेमकी आत्ताच बिलिंग सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला जाग आली होती, की ‘पावती’ हा आपला नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे.

दुपारी तो ऑफिसात आला. नऊ पानी नोटीस. नाव काढा, जाहिरात थांबवा, आजवरच्या नफ्याचा हिशेब द्या. या शेवटच्या ओळीवर तो पहिल्यांदा हसला. “नफा असता तर दिला असता की.”

मग त्याने बॅगेतून एक पावतीपुस्तक काढलं. १९८७ सालचं, चुलत्यांच्या मंडळाचं. डिंकाची शिवण सुटलेली, मधला निळा कार्बन पेपर विटलेला. वर गणपती, खाली ठळक अक्षरांत ‘पावती’, अनुक्रमांक, ‘अक्षरी रुपये’. स्थळप्रतीवर कुणा किराणा दुकानदाराचे ५१ रुपये. “हे कोर्टात दाखवू,” तो म्हणाला. पावती म्हणजे काय हे कुठल्याच कोर्टाला शिकवावं लागत नाही. पण मी ते पुस्तक ठेवून घेतलं. कामाला येतं असं काही.

अशा वेळी अशिलाला “शब्द सर्वांचा आहे, काळजी नको” असं सांगून पाठवायचा मोह होतो. तसं साधं हे नसतं. ‘नौकरी डॉट कॉम’वाल्यांनी २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ‘नौकरी’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जादा घालणाऱ्याला रोखलं होतं, कारण समोरचा त्या नावावर आलेली गिऱ्हाइकं आपल्या दुसऱ्या साइटकडे वळवत होता. उलट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘शादी डॉट कॉम’ला ‘सेकंडशादी’विरुद्ध तात्पुरती मनाई दिली नाही, लग्न जुळवणाऱ्याला ‘शादी’ म्हणण्यापासून अडवायचं कसं? मायक्रोसॉफ्टने ‘लिंडोज’ नावाची संगणकप्रणाली काढणाऱ्या कंपनीवर २००१ मध्ये दावा लावला, तेव्हा ‘विंडोज’ हा मुळात सर्वसाधारण शब्द आहे की नाही हाच प्रश्न पुढे आला. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि लिंडोजने नाव सोडलं. दावा लावणाऱ्यानेच पैसे मोजले, हे ऐकून पोराचा चेहरा उजळला. “तसं स्वप्न बघू नकोस,” मी म्हणाले.

मग ट्रेडमार्क नोंदणीच्या साइटवर बसले. नोंदणी माल-सेवांच्या वर्गांनुसार असते: वर्ग ९ सॉफ्टवेअरचा, वर्ग ४२ सॉफ्टवेअर सेवांचा. कंपनीची नोंदणी सापडली, आणि ती शब्दाची नव्हतीच! चित्राची होती: फाटक्या कडेचा कागद, त्यावर वळणदार अक्षरं. पुढे अर्जाची कागदपत्रं उघडली. ती कुणालाही बघता येतात. नोटीस पाठवणारे हे कसं विसरतात, मला नेहमी नवल वाटतं. ट्रेडमार्क कार्यालयाच्या तपासणी अहवालात ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली आक्षेप होता: हा शब्द मालाचं वर्णन करतो. आणि त्यावर कंपनीच्याच वकिलांचं उत्तर, की शब्द सुटा काढून पाहू नका, आमचं चिन्ह म्हणजे अख्खं चित्र आहे, ते एकसंध पाहा.

मी ते पान दोनदा वाचलं आणि चहा मागवला.

नोटिशीला आमचं उत्तर संध्याकाळपर्यंत तयार झालं. कलम १७: अख्ख्या चिन्हाची नोंदणी असली म्हणून त्यातल्या सुट्या, सर्वांच्या वापरातल्या भागावर हक्क येत नाही. कलम ३०: मालाचं वर्णन करायला शब्द वापरला तर ते उल्लंघन नाही. शेवटी कलम १४२, निराधार धमकीबद्दल. सोबत त्यांचंच जुनं उत्तर आणि १९८७ची स्थळप्रत.

एक गोष्ट मात्र मला खटकली होती. याच्या ॲपच्या आयकॉनवरही फाटक्या कडेचा कागद होता. “हा कुठून आणला?” तो घुटमळला. “सगळेच असा काढतात, मॅडम.” शब्दासाठी मी भांडेन, पण हा कागद आजच्या आज बदल, असं मी त्याला बजावलं. रात्री अकराला नवा आयकॉन आला: नारळ. बरा होता.

अकराव्या दिवशी कंपनीच्या वकिलांचा दोन ओळींचा मेल आला. आयकॉन बदलल्याची नोंद घेतली आहे, विषय पुढे नेण्याचा विचार नाही. ‘पावती’बद्दल अवाक्षर नाही.

पेढे घेऊन तो आला. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, “मॅडम, मग ‘पावती’ आपणच रजिस्टर करून टाकू या का? स्टार्टअपला साडेचार हजारच फी आहे ना?”

मी कंपनीचा तोच तपासणी अहवाल त्याच्यापुढे सरकवला आणि कलम ९ वर बोट ठेवलं. त्याने नीट वाचलं. थोडा वेळ गप्प बसला.

“आणि स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जादा टाकला तर?”