शटडाऊनमध्ये आलेलं वाळ्याचं पाणी

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की आमच्या प्लंबिंगच्या धंद्यात दोनच प्रकारचे फोन येतात: पाणी येत नाही, नाहीतर टाकी तापली. नागपुरात मानेवाड्याकडच्या एका लेआऊटमधून काकूंचा फोन आला तो मात्र उलटाच होता. "भाऊ, आज पाण्याचं शटडाऊन आहे म्हणे. साऱ्या गल्लीत थेंब नाही, अन् माझ्या नळाला पाणी येऊन राहिलं. पण चहाले वाळ्याचा वास येते बाप्पा!"

शटडाऊनमध्ये पाणी येणं हीच मुळात वाईट खूण, म्हणून हातातलं काम सोडून गेलो. घर एकमजली. खाली काकू, वर भाडेकरू पोरं. काकूंच्या स्वयंपाकघरातला एक नळ थेट सरकारी लाइनवर, बाकी सगळं गच्चीवरच्या टाकीवर. नळ उघडला. जोर नव्हता, पण धार होती. ओंजळीत घेऊन वास घेतला तर खरोखरच वाळा. रंगही किंचित पिवळसर.

माझ्या पिशवीत क्लोरीन तपासायच्या थेंबांची बाटली असते. सकाळी शटडाऊनच्या आधी भरलेल्या माठातल्या पाण्यात थेंब टाकले तर फिकट पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन होतं. नळाच्या पाण्यात टाकले तर काहीच नाही. म्हणजे हे पाणी सरळ लाइनीतून आलेलं नव्हतं. मग मीटरजवळचा कॉक पूर्ण बंद केला. तरीही काकूंचा नळ चालूच!

बाहेरून येत नाही म्हटल्यावर वर गेलो. पोरांचा मोठा लोखंडी कुलर खिडकीबाहेर स्टँडवर. बाल्कनीतला नळही थेट लाइनवरच. त्याला क्लिप आवळून हिरवा पाइप लावलेला, आणि त्याचं दुसरं टोक कुलरच्या टाकीत पार तळाशी. नळ थोडा उघडाच ठेवलेला, कारण मे महिन्यात कुलर रात्रभर पाणी पितो आणि उठून भरायचा कंटाळा. टाकीच्या पत्र्यावर पाण्याची जुनी ओली रेघ दिसत होती, पाणी तिच्या चार बोटं खाली उतरलेलं. मी बघत असतानाच आणखी उतरलं. खालून काकू ओरडल्या, "येऊन राहिलं, भाऊ!"

लाइनीत दाब असेपर्यंत पाणी नळातून कुलरमध्ये जातं. दाब गेला आणि खालचा नळ उघडला, की पाइपातलं पाणी खाली ओढलं जातं आणि त्याच्यामागून कुलरची टाकी उपसायला लागते. ड्रममधून तोंडाने ओढून पाणी काढतो, तेच. पंप लागत नाही, वीज लागत नाही.

पोरांना विचारलं, टाकीत काय टाकता? वाळ्याचं अत्तर तर होतंच. शिवाय डास होऊ नयेत म्हणून थोडं घासलेटही. काकूंनी त्याच पाण्याचा चहा केला होता. अत्तर होतं म्हणून कळलं तरी. नुसतं शेवाळलेलं पाणी असतं तर काकूंनी दोन दिवस पोटाला दोष दिला असता.

पुढचं अजून वाईट. मीटरचा कॉक पुन्हा उघडला, काकूंचा नळ बंद केला, तरी कुलरची पातळी भराभर उतरायला लागली. शेजारच्या घरात टिल्लू पंपाची घरघर ऐकू येत होती. पाणी नाही म्हणून त्यांनी टिल्लू थेट लाइनीवर सुरू केलेला, आणि तो आमचा कुलर ओढत होता. मीटरपुढे एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, नव्हता. असता तर गल्ली वाचली असती, पण काकूंचं स्वयंपाकघर नसतं वाचलं. कारण कुलर आणि त्यांचा नळ दोन्ही एनआरव्हीच्या आतल्या बाजूला. हे गिऱ्हाइकांना पटवताना माझा घसा कोरडा पडतो. त्यात एनआरव्हीत रेती अडकली की तो अर्धवट उघडाच राहतो.

ट्रेनिंगला आम्हाला अमेरिकेतल्या होली क्रॉस कॉलेजचं उदाहरण सांगितलं होतं. १९६९ साली तिथल्या मैदानावरच्या स्प्रिंकलरच्या खड्ड्यातलं घाण पाणी असंच लाइनीत ओढलं गेलं. जवळ आग लागली, बंबांनी पाणी घेतलं, लाइनीतला दाब पडला. फुटबॉलचा जवळपास सगळा संघ काविळीने आजारी पडला आणि उरलेला हंगाम रद्द करावा लागला.

काम मात्र अर्ध्या तासाचं. पाइप कापून टाकीच्या काठाच्या वर क्लिपने बसवला. पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कमीत कमी २५ मिलिमीटर हवेची मोकळी जागा सुटली पाहिजे. अर्ध्या इंची पाइपाला इंचभर पुरतं. हवेत बिघडण्यासारखं काही नसतं, म्हणून माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर. बाल्कनीच्या नळाला व्हॅक्यूम ब्रेकर (लाइन उलटी ओढायला लागली की हवा आत घेऊन ती ओढ तोडतो) आणि मीटरनंतर एनआरव्हीही टाकला. दवाखान्यात किंवा बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यात रसायनाची लाइन असेल तर एवढ्यावर भागत नाही. तिथे दोन झडपा आणि मध्ये घाण पाणी बाहेर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह असं यंत्र लागतं.

पोरं कुरकुरली, पाणी वरून पडतं, आवाज होतो. काकूंनी खालूनच सुनावलं, "कानात बोळे घाल, पण पाइप खाली सोडला तर खोली खाली कर!"

निघताना टिल्लूवाले शेजारी गेटशी उभे होते. त्यांच्याही बादलीला वाळ्याचा वास येत होता. म्हणाले, आमचंही बघा. टिल्लू काढायचा विषय त्यांनी टाळला, पण न्हाणीघर दाखवलं. तिथे संडासाच्या जेटचा पाइप फिनाइलच्या बादलीत बुडवून ठेवलेला होता.